गाळलेल्या हवेतला गहू

मी साताऱ्याकडची, ज्वारीच्या मुलखातली. चंदीगडला विद्यापीठात आल्यापासून मात्र गव्हाच्या मागे लागले आहे. हवेच्या प्रदूषणाने पीक किती घटतं, हे तपासणं माझं काम. त्यासाठी मोहालीपलीकडच्या एका गावात एका सरदारजींनी आपल्या शेताचा कोपरा दिला होता. तिथे आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या, बिनछताच्या दोन गोल खोल्या उभारल्या. एकीत पंख्याने नुसती बाहेरची हवा सोडायची, दुसरीत कोळशातून गाळलेली. बियाणं, खत, पाणी अगदी सारखं.

कापणीच्या दिवशी फरक आंधळ्यालाही दिसला असता. गाळलेल्या हवेतल्या ओंब्या टच्च भरलेल्या, दुसरीकडच्या बारीक. मी हरखून फोटो काढत सुटले. सरदारजींनी एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून दाणे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम जी, ये वाली दवाई हमें भी दे दो. पूरे खेत में डालेंगे."

"दवाई नहीं है, बाऊजी. सिर्फ हवा साफ है."

"तो हमारी हवा में क्या है?"

झालं, मी शिकवायलाच लागले. शहरातल्या गाड्यांच्या धुरापासून उन्हात ओझोन तयार होतो, वाऱ्याबरोबर इकडे येतो, पानं आतून करपवतो. बोलता बोलता नजर बांधावर गेली. तिथे मी एकटीने हाकत आणलेली माझी गाडी उभी होती. शेजारी आमचा डिझेलचा जनरेटर धडधडत होता, कारण वीज गेली होती आणि कापणी संपेपर्यंत पंखा थांबवायचा नाही, हा माझाच नियम. त्याचा काळा धूर सरळ सरदारजींच्या उभ्या गव्हावर चालला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. पण ते घरी गेले आणि बायकोला हाताला धरून घेऊन आले. बाईंना दमा होता, बांधावरून येतानाच त्यांना धाप लागली.

"गेहूं तो कट गया, जी," ते अजिजीने म्हणाले. "पंखा थोड़ी देर और चलने दो. ये अंदर बैठ जाए."

गाळलेल्या हवेच्या गोल खोलीत, धसकटांवरच, त्यांनी खुर्ची मांडली. बाई बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मग सरदारजी दुसरी खुर्ची उचलून माझ्याकडे आले.

"आप भी बैठ जाओ, मॅडम जी. आप तो शहर में रहते हो."

त्या खुर्चीत बसायची मला लाज वाटली, आणि नाही म्हणायचीही.