आभाळ तापवणारी पोरगी

आभाळ मी कधीच तापवलं नाही. एवढं एक वाक्य वेळेवर बोलले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण तेव्हा ते बोलायची माझी इच्छाच नव्हती.

वसमतच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे आणि सोबत पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की स्टाफरूममध्ये हशा पिकायचा. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात शास्त्रज्ञ जमिनीवरून जोरदार रेडिओलहरी वर सोडतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर तापवतात. हे तापवणं ठरावीक वेगाने कमी-जास्त केलं की तिथून वाहणारा नैसर्गिक प्रवाहही तसाच हेलकावतो आणि आभाळच अँटेना होऊन फार संथ लहरी सोडायला लागतं. अशी लहर आपल्याकडे पोचलीच, तर ती कोणत्या गोंगाटातून निवडायची, एवढंच मला मोजायचं होतं. त्यासाठी विजेच्या तारांपासून लांब जागा हवी होती. ती आमच्या गावच्या माळावर मिळाली.

बाबा विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले वायरमन. लहरी पकडायला बाभळीच्या बल्ल्यांची चौकट त्यांनी उभी केली आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आम्ही दोघांनी मिळून घातले. दर रविवारी मी बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर जोडून बसायचे. गावात वीज असली की टेपवर नुसती घरघर. लोडशेडिंग सुरू झालं की ती कमी व्हायची आणि कुठल्या तरी दूरच्या विजांची बारीक तडतड ऐकू यायची. अख्खा जिल्हा लोडशेडिंगला शिव्या घालायचा तेव्हा मी एकटी खूश असायचे. चार वर्षं अशी गेली. आणखी एका हिवाळ्याच्या नोंदी मिळाल्या की माझा प्रबंध पुरा होणार होता.

त्यातच एका शाळेने विज्ञान दिनाला भाषणाला बोलावलं. हळद शिजवताना कढईखालचा जाळ कमी-जास्त करतो ना, तसं तिकडे आभाळाचं करतात, असं मी सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. 'तिकडे' हा शब्द गाळून एका साप्ताहिकाने छापलं, वायरमनच्या लेकीने आभाळ तापवले. बाबांनी ते कात्रण खिशातल्या पाकिटात ठेवलं. गावातल्या ज्या ओट्यांवर आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाला कुणी कधी 'बस' म्हटलं नव्हतं, तिथे बाबांसाठी खुर्ची यायला लागली. "पोरगी आभाळ तापवती म्हनं तुमची!" बाबा नुसते हसायचे. मीही हसायचे. खरं सांगितलं असतं तर ती खुर्ची गेली असती. आणि कशाला लपवू, मलाही ते गोड लागत होतं.

त्या वर्षी पोळा आला तरी पाऊस नव्हता. सोयाबीन उभ्या उभ्या करपलं. एका रविवारी सकाळी आम्ही माळावर असताना गाव चालून आलं. पुढे खुर्ची देणारेच होते.

"वायरमन," सरपंच म्हणाले, "ढग येऊन राहिले अन् इथूनच माघारी जाऊन राहिले. काहून करता असं? बंद करा हे तापवनं."

मी समजावायला लागले. मी काही तापवत नाही, ते लांबच्या देशात चालतं, मी फक्त ऐकते.

"मंग पेपरात आलं तवा काहून न्हाई बोलल्या?"

सरपंचांनी विचारलं. एकाने चौकटीच्या बल्लीवर कुऱ्हाड टेकवली.

तेव्हा बाबा पुढे झाले. लाइन बंद आहे हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही, धरून दाखवावं लागतं, ही त्यांची जन्मभराची रीत. त्यांनी माझ्या यंत्राची जोडणी उपटली आणि तारेची दोन्ही उघडी टोकं मुठीत धरली.

"बघा. करंट न्हाई हिच्यात. काहीच न्हाई. माझ्या लेकीला काही तापवता येत न्हाई."

एकेक जण येऊन तारेला हात लावून गेला. मग लोक हसायला लागले. "येवढं शिकून रिकाम्या तारेपाशी बसती व्हय!"

त्या तारेत करंट होता, आभाळातल्या लहरींनी आणलेला. हाताला कळणार नाही इतका कमी, पण माझी चार वर्षं तेवढ्यावरच उभी होती. ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं असतं तर टेकवलेली कुऱ्हाड चालली असती, कदाचित बाबांवरही. संताप मात्र मला गावाचा नाही, बाबांचा आला. इतक्या सहज त्यांनी मला शून्य करून टाकलं होतं.

तरीही चौकट आजच उतरवायची, असं बजावून माणसं पांगली. आम्ही दोघं वेढे सोडवायला लागलो. निम्मे वेढे सुटल्यावर बाबांनी मान वर न करता विचारलं, "माय, खरंच काही नव्हतं ना हिच्यात?"

सत्तरीला आलेला माणूस.

"न्हाई बाबा," मी म्हणाले. "काहीच नव्हतं."

"मंग बराबर बोललो मी," ते म्हणाले, आणि पुढचा वेढा सोडवायला लागले.