ओसरीवरचा मरळ

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातून देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका मळ्यात नांदायला आले. माहेरी आम्ही हंड्याचं पाणी जपून वापरणारी माणसं. इथे हाकेच्या अंतरावर पाट वाहायचा आणि चहूकडे ऊस. सुरुवातीला मी भांडी विसळतानाही पाणी बेताबेतानं ओतायचे, तर सासूबाई हसायच्या, "अगं, वत की. पानी हाय ते, तूप न्हाई."

घरात आम्ही चौघं. हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. मामांची सगळी नोकरी पाटकरी म्हणून झालेली. कुणाच्या शेताला पाटाचं पाणी केव्हा द्यायचं, किती वेळ द्यायचं, ते बघायचं आणि पाळी संपली की दार बंद करायचं, हे त्यांचं काम. बोलणं फार कमी. मी समोर आले की ते दुसरीकडे बघायचे आणि मी पदर पुढे ओढायचे. आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे आमच्या चुलीवर मांसमच्छी कधी चढली नाही.

एका बाजारच्या दिवशी आत्यांचा गुडघा धरला, म्हणून मामांबरोबर मला पाठवलं. मी भाजी घेऊन वळले, तर मामा मासळीवाल्या भोईणीपुढे उकिडवे बसलेले. तिच्या घमेल्यात ओल्या पोत्याखाली एक मरळ होता. हातभर लांब, काळपट पाठ, बाजूला नारिंगी छटा आणि डोकं थेट सापासारखं. मी दोन पावलं मागे सरले.

"कापून दिऊ का?" भोईणीनं कोयता उचलला.

"नगं," मामा म्हणाले. "जित्ता पायजे."

"जित्ता न्हेऊन काय करनार, आण्णा?"

मामा पैसे मोजायला लागले. तीच म्हणाली, "वल्ल्या पोत्यात गुंडाळून न्ह्या. ह्यो वरचं वारं घेऊन जगतो. घरी जाईस्तोवर कायबी व्हत न्हाई त्याला."

घरी येईपर्यंत मामा पुढे आणि मी मागे. त्यांच्या खांद्यावरचं पोतं मधूनच हिसका द्यायचं आणि मामा त्याला हळूच थोपटायचे. तान्ह्या पोराला थोपटावं तसं.

दारातच आत्यांनी पोतं ओळखलं. "हे काय आनलंय?"

"मासा."

"माज्या घरात मासा शिजायचा न्हाई, ठावं हाय ना?"

"खायला न्हाई आनला."

"मग काय पुजायला आनलाय?"

मामांनी गोठ्यापुढच्या दगडी डोणीत मासा सोडला, वर डालगं पालथं घातलं आणि त्यावर धोंडा ठेवला. संध्याकाळी बैल पाणी प्यायला आला, तेव्हा मामांनी विसरून डालगं उचललं. बैलानं तोंड घातलं, आतून पाणी उसळलं आणि बैल दावं तोडून थेट उसात घुसला. आम्ही तिघं त्याच्यामागे धावलो. आत्या ओसरीवरून मामांचा उद्धार करत होत्या. पदराआड मला हसू आवरत नव्हतं आणि ते मामांच्या लक्षात आलं, असं मला वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

खरी पंचाईत पुढे झाली. मासा काही खाईना. मामांनी त्याला भाकरीचा चुरा घातला, कणकेच्या गोळ्या घातल्या, भिजवलेली हरभऱ्याची डाळसुद्धा घातली. तो तळाशी बसून राहायचा, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि परत खाली. पाण्यावर सगळं तसंच तरंगायचं. त्याला काय लागतं हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. पण माळकऱ्याच्या घरात रोज जिवंत बेडूक आणि बारीक मासळी आणून एकाला दुसऱ्याच्या तोंडी द्यायची, हे आत्यांना विचारायचं कसं? आठवडा गेला. मासा वाळत चालला, डोकं तेवढं मोठं दिसायला लागलं.

एका दुपारी आत्या माझ्या खांद्याला धरून डोणीपाशी आल्या आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग मामांना म्हणाल्या, "देवानं त्याला जे खायला सांगितलंय ते द्या की त्याला. उपाशी मारलं तर त्ये पाप कुनाच्या डोक्यावर?"

"तू म्हनलीस म्हनून," मामा म्हणाले आणि पायात वहाणा न घालताच पाटाकडे निघाले.

"माज्या डोळ्यांदेखत नगं!" आत्या मागून ओरडल्या.

त्यानंतर आमच्या घरात एक रीत पडली. मामा पाटावरून डब्यात काहीतरी घेऊन आले की आत्या उठून देवघरात जायच्या. थोड्या वेळानं आतूनच विचारायच्या, "खाल्लं का त्यानं?" मामा "व्हय" म्हणाले की बाहेर यायच्या.

डोणीत मासा वरून दिसायचा तेवढाच, म्हणजे एक काळी पाठ. मामांना तो बाजूनं बघायचा होता. एकदा जेवताना ते ह्यांना म्हणाले, "पानी सोडन्यात जल्म गेला माजा. पर पान्याच्या आत काय चालतं, ते कधी दिसलं न्हाई." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. हे फिटर माणूस, लगेच कामाला लागले. ओसरीच्या कडेला तीन बाजूंनी विटांचा हौद बांधला, खाटेएवढा लांब आणि माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढा उंच. पुढच्या बाजूला लोखंडी चौकट बसवली. काच श्रीरामपूरला मिळाली, एका मिठाईवाल्यानं मोडीत काढलेल्या कपाटाची. पाण्याचा दाब सोसावा म्हणून दोन काचा एकीला एक लावून बसवल्या आणि कडेच्या फटी बुजवायला लांबी भरली. काचेवर लाल रंगात 'शुद्ध तुपातील' असं लिहिलेलं होतं. ते खरवडून पूर्ण गेलं नाही.

पहिल्यांदा हौद भरला आणि तासाभरात खालून फुटला. ओसरीवर टेकवून ठेवलेली आत्यांची ज्वारीची पोती भिजली. दुसऱ्यांदा कडेला डांबर ओतलं, तेव्हा पाणी ठरलं. नव्या सिमेंटचं पाणी माशाला बाधतं म्हणून मामांनी हौद कितीदा भरला आणि रिकामा केला, त्याची गणती नाही. एवढं पाणी नुसतं अंगणात वाहून जाताना मला बघवेना. मी बादलीनं उचलून मागच्या वांग्यांना नेऊन घालायला लागले. मामांनी एकदोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी उठले, तर हौदाच्या तोंडापासून वांग्यांच्या वाफ्यापर्यंत कुदळीनं खणलेली सरळ चारी तयार. मामा बांधावर बसून विडी ओढत होते.

त्या वर्षी वांगी अशी लागली की बघत राहावं. आत्या म्हणाल्या, माशाच्या पाण्यावरची वांगी मला नकोत. मग एकादशी झाली, द्वादशी झाली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी निमूटपणे भरलं वांगं वाढून घेतलं.

मासा हौदात रुळला आणि वाढला. मी धुणं धुवून येईपर्यंत तो काचेपाशी एका जागी थांबलेला असायचा, फक्त कल्ल्यांमागचे पंख हलत. खाणं टाकलं की तो धावत नसे. असा सावकाश सरकायचा की सरकतोय हे कळू नये, आणि मग एकदम पाणी हलायचं नि खाणं नाहीसं झालेलं असायचं. वस्तीवरच्या बायका बघायला यायच्या. आत्या त्यांना काच पुसून दाखवायच्या आणि सांगायच्या, "आमच्यात माळ हाय. पर त्याची जात येगळी, त्याला काय म्हनावं?"

पावसाळ्यात एक दिवस हौद साफ केल्यावर वरची जाळी नीट बसली नाही. सकाळी मी चूल पेटवत होते, तर बाहेरून आत्यांची हाक आली, "अहो, तुमचा मासा निगाला गावाला!" धावत गेले तर ओल्या अंगणात मासा शेपटीवर वळसे घेत पार पाटाच्या दिशेनं चाललेला. मामा अजून मळ्यातून आले नव्हते, हे कारखान्यात. मी जवळ जायचे आणि तो उसळला की किंचाळून मागे यायचे. आत्या अंघोळ करून, पूजेचं तबक हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तबक खाली ठेवलं, पदर सोडला, माशाला त्यात पोटाशी धरलं आणि लंगडत नेऊन हौदात टाकलं. जन्मात माशाला हात न लावलेली बाई. मग आत्यांनी परत अंघोळ केली आणि मामा आल्यावर दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण दुपारी मी बघितलं, त्या काचेपुढे बसून त्याला सुनावत होत्या, "कुठं चालला व्हतास? काय कमी हाय तुला हितं?"

त्या वर्षी पाऊस पुढे पडलाच नाही. पाटाचं पाणी बंद झालं. विहीर तळाला गेली आणि वस्तीवरच्या बायका आमच्या विहिरीवर यायला लागल्या. दोर टाकायचा, पाणी साचेपर्यंत थांबायचं, मग दुसरीनं दोर टाकायचा. ऊन टाळायला त्या आमच्या ओसरीवर बसायच्या. समोर काच, काचेमागे हौदभर पाणी आणि त्यात एकटा मासा. कुणी काही बोललं नाही. एखादी म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं. माझ्या माहेरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्याचा निरोप आला होता. मी हौदाकडे बघायचं सोडून दिलं. येताजाता तोंड फिरवायचे.

मामांच्या ते ध्यानात आलं असावं. एका सकाळी मी केर काढत होते, तर म्हणाले, "सूनबाई, त्याला सोडायचा."

आत्या आतून आल्या. "कुठं सोडनार? पाटात चिखल हाय. मारनार व्हय त्याला?"

"मुळा धरणाला न्हेतो. तिथं पानी हाय."

"मग तिला संगं न्ह्या. तुमचं एकट्याचं काम न्हाई त्ये."

दुधाचा मोठा कॅन घेतला, अर्धा पाण्यानं भरला, मासा आत उभा केला आणि तोंडाला फडकं बांधलं. बारागाव नांदूरच्या एसटीत तो कॅन चढवताना कंडक्टरनं हात दिला.

"दूध का? म्होरं ठेवा."

तेवढ्यात आतून धप्प आवाज आला आणि फडकं वर उडालं.

"आवो, दूध उड्या मारतंय!"

"मरळ हाय," मामा म्हणाले. "जित्ता."

"इकायला?"

"न्हाई. सोडायला."

कंडक्टर तिकिटाचा पंच टकटकायचा थांबला. "धरनाव समदे मासं धरायला चाल्ल्यात आन् तुमी सोडायला?"

सगळी एसटी हसली. मामा खाली बघायला लागले. मग मी, जी चारचौघांत कधी तोंड उघडत नव्हते, मी म्हटलं, "घरचा हाय तो." हसणं थांबलं. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं नाही. मागच्या एका म्हाताऱ्यानं सरकून कॅनला जागा केली आणि नांदूर येईपर्यंत फडकं धरून बसला.

धरण नवं होतं आणि पाणी बरंच आत गेलेलं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही दोन बाजूंनी कॅन धरून चालत गेलो. मामांनी धोतराचा काचा वर खोचला, मांडीएवढ्या पाण्यात शिरले आणि कॅन आडवा केला. मासा बाहेर आला आणि तिथेच थांबला. हलेना. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जा की आता," म्हणाले.

तो आणखी थोडा वेळ थांबला. मग पाणी हललं आणि तिथे काही नव्हतं. मामा तसेच उभे राहिले. मी काठावरून हाक मारली तेव्हा आले.

परतीच्या एसटीला वेळ होता. फाट्यावरच्या टपरीवर मामांनी चहा सांगितला आणि मला बाकावर बसायला लावलं, स्वतःच्या शेजारी. नवी सून सासऱ्याशेजारी बसते कुठे तेव्हा! मी बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं इहिरीला पानी किती खोल लागतं?"

मी सांगितलं. मग त्यांनी नाल्यांचं विचारलं, जमिनीचं विचारलं, उन्हाळ्यात बाया कुठवर जातात ते विचारलं. माझे वडील विहीर कशी खोदत गेले आणि खडक कसा लागला, ते सगळं मी सांगत गेले. एसटी आली तरी बोलणं संपलं नव्हतं. पाटकरी माणूस, पाण्याबद्दल त्यांना ऐकावंसं वाटत होतं आणि घरातलं कुणीतरी माझ्या गावाबद्दल ऐकतंय, हे मला नवीन होतं.

घरी आत्या वाट बघत होत्या. "कुठं सोडला? खोल हाय का पानी? गेला का नीट?"

मामा भाकरी पुढ्यात घेऊन बसले आणि सांगायला लागले. एसटी, कंडक्टर, गाळ, सगळं. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भाकरी निवून गेली. मधेच ते म्हणाले, पाणी कमरेएवढं होतं. मी चुलीपासून म्हटलं, "न्हाई मामा, मांडीएवढं."

"व्हय," मामा म्हणाले, "मांडीएवढंच," आणि पुढे सांगत राहिले.