दाराबाहेरची मॅव्हिस

इंग्लंडातल्या आमच्या कॉपलिंगम गावात कोणाकडे पाहुणा आला की दुपारी त्याला पेंढ्यांत जेवायला न्यायचं, हे ठरलेलं. पबच्या पाटीवर गव्हाच्या तीन पेंढ्या रंगवलेल्या, त्यावरून हे नाव. स्टॅनली गॅरड बिअर भरून द्यायचा आणि त्याची बायको मॅव्हिस रांधायची. पब बिअरच्या कंपनीचा. हे दोघं भाडेकरू, वरच्या दोन खोल्यांत राहायचे. मॅव्हिस हाडापेरानं मोठी आणि जिभेनं फटकळ. कोणी बटाटे टाकून उठलं, तर ताट परत त्याच्यापुढे आणून आदळायची. "डुकरांसाठी नव्हते उकडले," म्हणायची. पण पिठाच्या पारीत मांस आणि गुर्दे भरून भाजलेली तिची पाई खायला आसपासच्या गावांतून लोक यायचे, आणि शिव्याही गोड मानून घ्यायचे.

पुढे लोक बिअरचे डबे घरी आणून टीव्हीसमोर प्यायला लागले. थंडीतल्या मंगळवारी पबमध्ये शेकोटीपाशी मी आणि पाद्रीबाईंचा म्हातारा कुत्रा, एवढेच असायचो. त्यातच स्टॅनलीच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं. मॅव्हिस पिंपंही उचलू लागली आणि पाईही भाजू लागली. आणि मग कंपनीनं पब विकायला काढला.

तेव्हा गावाला जाग आली. ज्यांनी वर्षानुवर्षं पबचा उंबरा ओलांडला नव्हता, त्यांच्याही खिडक्यांत 'आपला पब वाचवा' अशी पत्रकं लागली. सगळ्यांनी एकेक हिस्सा घेऊन पब विकत घ्यायचं ठरलं, समिती झाली. अध्यक्ष जेफ्री पेंडल. कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते गावात राहायला आले होते. सेक्रेटरी बेरिल थर्लो, मॅव्हिसची शाळेपासूनची मैत्रीण. मॅव्हिस दारोदार हिंडली. दर शनिवारी गावच्या हॉलमध्ये तिनं समितीसाठी जेवणावळी घातल्या. तिच्या पाईच्या वासावर निम्मी वर्गणी जमली, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

पब गावाचा झाला. आणि समितीनं मॅनेजरच्या जागेची जाहिरात दिली.

मॅव्हिसला वाटलं, हा नुसता उपचार. तिनं चांगला कोट घातला आणि स्वतःच पुसून ठेवलेल्या टेबलापाशी, समितीच्या तिघांसमोर जाऊन बसली. पेंडलसाहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता? तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. मग त्यांनी विचारलं, मांस, अंडी, दूध यांतलं काहीच न खाणाऱ्यांसाठी तुम्ही काय कराल?

"दार उघडून देईन," मॅव्हिस म्हणाली. "बाहेर हवा छान आहे."

कोणी हसलं नाही. हे तिनंच मला नंतर सांगितलं. सांगताना तीही हसली नाही.

निकाल कळवायला बेरिल आली. मॅव्हिस पीठ मळत होती. ब्रिस्टलहून एक तरुण जोडपं येणार होतं, चांगल्या हॉटेलांत काम केलेलं. वरच्या खोल्या त्यांना लागणार होत्या. बेरिलनं हे सगळं उभ्या-उभ्याच सांगितलं.

"तू कोणाच्या बाजूनं हात वर केलास?" मॅव्हिसनं विचारलं.

"अगं, गावाचा विचार करावा लागतो. तू थकलीस, स्टॅनलीचं करायचंय... तुझ्याच भल्याचं आहे."

"म्हणजे त्यांच्या बाजूनं."

बेरिल जायला वळली. मग दारात थांबून म्हणाली, "एक विचारायचं होतं. पाईची कृती त्यांना देशील? लोकांना सवय झालीय गं."

"कृती कसली? मांस घ्यायचं, कांदा घ्यायचा आणि पाय सुजेपर्यंत चुलीपाशी उभं राहायचं. सांग त्यांना."

गॅरड दांपत्याला गावाच्या टोकाला एक बैठं घर मिळालं. मॅव्हिस शहरातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिथे सगळं मऊ आणि अळणी करावं लागे.

पेंढ्यांचं मात्र सोनं झालं. भिंती राखाडी झाल्या, जेवण ताटांऐवजी पाटांएवढ्या फळ्यांवर येऊ लागलं, रविवारी जागा आधी सांगून ठेवल्याशिवाय मिळेना. आणि स्टॅनली? तो रोज दुपारी काठी टेकत तिथे जायचा. पायांना दुसरा रस्ताच माहीत नव्हता. नवं जोडपं मनानं वाईट नव्हतं. ते त्याला खिडकीपाशी बसवत, अर्धा ग्लास बिअर देत. शहरातून आलेले लोक त्याच्याशेजारी बसून फोटो काढून घेत. खरा जुना गावकरी म्हणून. तो वाकड्या तोंडानं हसायचा.

कामावरून परतताना मॅव्हिस त्याला न्यायला यायची, पण आत पाऊल टाकायची नाही. ऊन असो, गारठा असो, रस्त्यावर उभी राहायची. आतून कोणीतरी म्हणायचं, "स्टॅनली, बायको आलीय." एकदा मीच बाहेर जाऊन म्हणालो, "मॅव्हिस, आत तरी ये, चिंब भिजलीस."

"मला बोलावणारा तू कोण?" ती म्हणाली. "तुझाही एक हिस्सा आहे ना त्यात?"

होता. गावात सगळ्यांचाच होता.

दोन हिवाळ्यांनी स्टॅनली गेला. अंत्यविधीनंतरचं जेवण पेंढ्यांतच ठेवू, एक पैसा लागणार नाही, असा समितीचा निरोप आला. मॅव्हिसनं निरोप आणणाऱ्यालाच परत पाठवलं आणि चर्चच्या हॉलमध्ये स्वतःच्या हातची पाई वाढली. सगळं गाव जेवलं. पेंडलसाहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बेरिलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीच चव गं, मॅव्हिस," ती म्हणाली.

"पोटभर खा. पुन्हा मिळायची नाही."

वसंतात तिनं घर सोडलं आणि समुद्राकाठी भाच्याच्या गावी एका खोलीत राहायला गेली. मी एकदा भेटायला गेलो. तिनं चहा केला, दुकानातली बिस्किटं पुढे ठेवली. एकटीसाठी काय रांधायचं, डब्यातलं सूप गरम करून घेते, म्हणाली. गावातल्या कोणाचंच नाव तिनं काढलं नाही. मी निघालो तेव्हा ती उठली नाही. दार नीट ओढून घे, वारा आत येतो, एवढंच म्हणाली.