डावी बाही

शिवणाच्या त्या दुकानात तिला मास्तरीण याच नावाने ओळखत. समोरच्या खोलीत काचेजवळ कटिंगचं टेबल होतं, आणि तिच्या कात्रीखालून गेल्याशिवाय चिंधीसुद्धा मशीनवर जात नसे. बावीस वर्षं हे असंच चाललं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ती नुसत्या नजरेने माप घ्यायची, आणि वर टेप लावून तेच निघायचं. त्याचा तिला तोरा होता आणि तो ती लपवतही नसे.

मग छातीचं ऑपरेशन झालं, डाव्या काखेतल्या गाठी काढल्या. त्यातून ती उठली, कामावर आली. दोन वर्षांनी डावा हात फुगायला लागला. आधी अंगठी कापून काढावी लागली, मग कोपराचं हाड चाचपून शोधायची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की ही सूज कमीजास्त होत राहील, पण कायमची जायची नाही. हात जन्मभर सांभाळायचा. सकाळी हलका मसाज, मग कापसाचा थर आणि त्यावर पट्ट्या, नाहीतर मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट मोजा. बसताना हात उशीवर उंच. आणि त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही. "एवढंसं टोचलं तरी जंतू आत शिरतात, मग तुमची धडगत नाही," असं त्या म्हणाल्या.

मास्तरीण रडत बसली नाही. पट्टीचं टोक दातात धरून एकटीने बांधायला शिकली. दुकानातल्या मधल्या मापाच्या कुर्त्याचा खाकी कागद घेऊन तिने स्वतःपुरता नमुना बेतला. त्यात उजवी बाही नेहमीची, आणि डावी काखेखालून मनगटापर्यंत चार बोटं जास्त रुंद. तो नमुना इतर नमुन्यांशेजारी खिळ्याला टांगला आणि पुन्हा कामाला लागली. कात्री उजव्या हातात असते. डाव्याने नुसतं कापड दाबायचं, तेवढं होत होतं.

पण मालकिणीच्या डोळ्यांत तो हात खुपायला लागला.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं, पण गिऱ्हाईक बघतं," ती एक दिवस म्हणाली. "लोकांना वाटतं काहीतरी लागण आहे. तू आपली मागच्या खोलीत बस, बटणं लाव. आणि कटिंगमध्ये आता लक्ष घालायचं नाही, बरं का. ते माझा भाचा बघेल."

भाचा म्हणजे तिशीतला मिशाळ गडी, तीन महिन्यांचा कोर्स केलेला. त्याच्या हातात बावीस वर्षांचं टेबल गेलं, आणि जिला सुई वर्ज्य तिच्या हातात सुई आली. बटण लावताना कापड डाव्या हातात धरावं लागतं. मास्तरणीने हे मालकिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "जपून लाव की मग."

तिसऱ्या आठवड्यात सुई बोटात घुसली. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लालबुंद आणि अंगात सणसणून ताप. पाच दिवस ती दवाखान्यात पडून होती. मालकिणीचा फोन आला तो बटणं तुंबलीत हे सांगायला. सलाइनचे थेंब बघत मास्तरणीने एकच गोष्ट मनाशी घोकली, की हिला मी सोडणार नाही. देवाने बघून घ्यावं वगैरे तिला मंजूर नव्हतं. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बरी होऊन ती परत बटणांवर बसली, आणि संधी चालत आली. एका मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्या साठ बायकांचे, सगळे एकाच मधल्या मापाचे, कुर्ते शिवायचं काम दुकानाला मिळालं. भाच्याने खिळ्यावरून मधल्या मापाचा नमुना काढला, तो नेमका मास्तरणीचा. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून तिला सगळं दिसत होतं.

"मावशी, यात डावी बाही वेगळी का गं?" त्याने विचारलं.

मास्तरणीचा हात बटणावर थांबला. एक शब्द पुरला असता.

"मास्तरणीच्या हातचा नमुना आहे," मालकीण म्हणाली. "तिचं काही चुकत नाही. डोळे झाकून काप."

मास्तरणीने दोरा दातांनी तोडला आणि पुढचं बटण घेतलं. कटिंगमध्ये लक्ष घालायचं नव्हतं ना!

डाव्या बाह्या एका मशीनवर, उजव्या दुसऱ्या मशीनवर, इस्त्री बाहेर. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माल गेल्यावर चौथ्या दिवशी हॉटेलची मोठी बाई तो कुर्ता अंगात घालूनच दुकानात आली आणि भर गिऱ्हाइकांत डावा हात वर करून उभी राहिली. बाही पिशवीसारखी लोंबत होती. "आमच्या साठही जणींचा एकच हात सुजलाय का हो?" तिने विचारलं, आणि दुकान हसलं. मालकिणीचं तोंड पांढरंफटक पडलं. मास्तरीण दारात उभी राहून ते तोंड पोटभर बघत होती. तिला इतकं बरं कुठल्याच औषधाने वाटलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर मालकीण मागे आली. "तुला दिसत होतं. सांगितलं का नाहीस?"

"लोकांना दिसू नये म्हणून मला इथे बसवलंत," मास्तरीण म्हणाली. "इथून मलाही कमीच दिसतं."

साठ बाह्या उसवून आवळायच्या होत्या, आणि ते भाच्याच्या बसची बात नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तरीण काचेजवळच्या टेबलाशी बसली. डाव्या हाताखाली मालकिणीनेच आणून दिलेली उशी होती, मोजा सगळ्या रस्त्याला दिसत होता. भाचा उसवत होता, ती खुणा करून देत होती. बटणांना तिने पुन्हा हात लावला नाही.

संध्याकाळी मालकिणीने स्वतः चहा आणून ठेवला. "झालं गेलं विसर. किती दिवस राग धरशील?"

"ही सूज गेली की सोडते."

मालकिणीचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना! मग थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे," ती म्हणाली.

मास्तरणीने चहा घेतला आणि याही वेळी तिची चूक दाखवली नाही.