तेरा इंचांचा दस्ता

माझा थोरला भाऊ आल्सीद बदकांच्या शिकारीहून घरी आला की बायकोला एकच गोष्ट सांगायचा. किती बदकं पडली, ते नाही. ती तर ओडिलला दिसतच, सोलायची तिलाच असत. तो सांगायचा पाण्याचा रंग. "आज पाणी गुलाबी होतं," म्हणायचा, किंवा "आज नुसतं दूध गं, आभाळ कुठं संपलं तेच कळेना." मग कॉफीचा कप हातात धरून टेबलापाशीच पेंगायचा. शेहेचाळीस वर्षं ओडिलनं त्या दलदलीची पहाट अशी ऐकून पाहिली.

फेब्रुवारीत आल्सीद गेला. मातीहून आलो, गंबोचं, आमच्याकडच्या दाट रश्श्याचं, पातेलं अजून चुलीवर होतं, आणि आमच्या चुलतभावाला, क्लोवीसला, तेव्हाच लपणाचा विषय सुचला. लपण म्हणजे दलदलीत खांबांवर उभं केलेलं, गवतानं शाकारलेलं आमचं खोपटं. जमीन क्लोवीसची, जागा तीन: त्याची, माझी आणि आल्सीदची.

"तिसरी जागा रिकामी ठेवून काय करू?" क्लोवीस म्हणाला. "जावई ह्यूस्टनहून येईन म्हणतोय."

"ती जागा मला हवी," ओडिल म्हणाली. ताटं पुसत होती, वर बघितलंसुद्धा नाही.

"अगं, तुला बंदूक तरी धरता येते का?"

"तुझ्या जावयाला येते? त्याच्या बुटांना अजून दुकानाचा वास येतोय."

क्लोवीस वाईट माणूस नाही, पण त्याचं नियमाशिवाय पान हलत नाही. त्यानं अट घातली: नोव्हेंबरात हंगाम उघडायच्या आधी मातीच्या दहा थाळ्या हवेत उडवायच्या, तिनं नेम धरून पाच फोडल्या तर जागा तिची. नाहीतर जावयाची. ओडिल एकोणसत्तर वर्षांची, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल न लागेल. मी मनात म्हटलं, आला जावई.

बंदूक आल्सीदचीच घ्यायची, हे तिचं ठरलेलं. सेमी-ऑटोमॅटिक; एक बार उडाला की पुढचं काडतूस आपसूक चढतं, आणि धक्का मवाळ बसतो. पण दुकानातून आली तशी ती राहिलीच नव्हती. आल्सीदनं घरात बसून तिचं पार रूप पालटलं होतं. थंडीत हातमोज्यांनी खटका ओढता येईना, म्हणून त्याला पितळी मूठ डकवलेली. तीनच काडतुसं बसावीत असा कायदा आहे, म्हणून आत लाकडाची काडी सरकवलेली. दर ऑगस्टात वरून गवताच्या रंगाची नवी चिकटपट्टी. जुनी काढायची नाही, तिच्यावरच नवी. म्हणून दस्ता, खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग, कणसासारखा जाड झाला होता. ओडिलनं पहिल्यांदा ती टेबलावर खोलून नीट न्याहाळली आणि बोट ठेवलं.

"ही मूठ माझ्या मसाल्याच्या कपाटाची आहे. वीस वर्षं शोधतेय मी. आणि ही काडी? माझ्या पळीचा दांडा."

"नवऱ्यानं अर्धं स्वयंपाकघर दलदलीत नेलं तुझं," मी म्हटलं. ती हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

उन्हाळाभर भातखाचरांच्या बांधावर मी थाळ्या उडवल्या आणि तिनं त्या चुकवल्या. एकही फुटेना. दस्ता तिला लांब पडायचा. बंदूक खांद्यापर्यंत येता येता काखेत अडकायची, नळी वर जायची. खांदा काळानिळा झाला. पण बाई हटेना. बार काढून झाला की ती बांधावर बसायची, पाण्यात उलटं पडलेलं आभाळ बघत, आणि बराच वेळ तिला हाक मारायचाही धीर होत नसे.

"दस्ता कापू या," मी शेवटी म्हटलं.

"नाही. तिथं त्याचा गाल टेकायचा."

"मग जावई बसेल त्या जागेवर. मला काय."

दोन आठवडे ती बोलली नाही. मग ऑगस्टाच्या शेवटी एका दुपारी तिचा फोन आला. "करवत घेऊन ये, तेले." तेले म्हणजे मी.

दार उघडून ती समोर आली तर काय! बाहेर अंगाची लाही होतेय आणि ही आल्सीदचा हिवाळी कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

"माप कोटावर घ्यायचं असतं. तू मे महिन्यात झग्यावर घेतलंस. तो दर ऑगस्टात असाच बसायचा इथं, कोट घालून, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायचा. मी हसायचे."

खरंच होतं तिचं. मी स्वतःला या कामातला उस्ताद म्हणवतो आणि हा साधा हिशेब विसरलो होतो. जाड कोटानं इंचभराचा फरक पडतो. बंदूक रिकामी आहे ना, ते मी तीनदा बघितलं. तिचा हात कोपरात दुमडून कोपरापासून बोटापर्यंत पट्टी धरली. कोटाचं वजा करून तेरा इंच. दस्ता साडेचौदाचा. दीड इंच कापायचं.

आधी पट्ट्या सोलायच्या होत्या. पंखा घुमत होता, खिडकीतून खाचरांचा ओला वास येत होता, आणि आम्ही दोघं वर्षं सोलत बसलो. ही हिरवट, मोठ्या पुराच्या सालची. ही मातकट, धाकट्या लेकीच्या लग्नाची. एका पट्टीखाली बदकाचं मऊ पीस चिकटलेलं निघालं. तिनं ते बशीत ठेवलं. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, पण कोट काढायचं नाव नाही. मला वाटलं, ही दुपार संपूच नये, आल्सीद बाहेर पडवीत झोपलाय आणि आम्ही त्याची बंदूक चोरून उघडतोय.

सगळ्यात खालची पट्टी निघाली आणि माझा हात थांबला.

दस्ता सलग नव्हता. शेवटचं दीड इंच वेगळ्या लाकडाचं होतं, फिकट, तीन चकत्या एकावर एक बसवून घासलेल्या. मी टोकाची, धक्का सोसायची रबरी गादी काढली, दोन लांब स्क्रू सोडवले. चकत्या अलगद हातात आल्या. उरला तो दस्ता. मी पट्टी लावली. बरोबर तेरा इंच. कापलेल्या तोंडावर आल्सीदच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ओडिल, कोटासकट.

तिनं चकत्या उलट्यापालट्या केल्या. "हा माझा भाजी चिरायचा पाट. आईनं दिलेला. हरवला म्हणाला होता." मग त्या पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. "त्यानं माझ्यासाठी कापला होता. मग परत का जोडला? मला कधी विचारलंसुद्धा नाही त्यानं."

मला माहीत होतं. गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती माझ्याकडे बघत होती, त्या कोटात, लहान मुलीसारखी.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "लपण नवं बांधलं त्या वर्षी. ही बंदूक त्यानं स्वतःसाठी घेतलीच नव्हती. धक्का मवाळ म्हणून तुझ्यासाठी घेतली. त्याच्याकडे बाबांची दुनळी होतीच. माझ्या अंगणात येऊन म्हणाला, यंदा ओडिलला नेणार, पाणी दाखवणार. मी म्हटलं, बायको आणतोस तर चूलही आण. ती जर आली तर मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, आणि गावभर सांगेन. क्लोवीसला हसवायला म्हटलं होतं. आठवड्यानं ही बंदूक आल्सीदच्याच हातात दिसली, जोडून लांब केलीय ते मला आज कळलं, आणि बाबांची दुनळी त्यानं मला देऊन टाकली."

"आणि तू घेतलीस."

"घेतली."

पंखा घुमत होता. तिनं कोटाचं एकेक बटण सोडलं, कोट घडी करून खुर्चीवर ठेवला.

"घरी जा, तेले."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. थाळ्या उडवायला तिनं क्लोवीसला बोलावलं. परीक्षेच्या दिवशी मी ट्रॅक्टरच्या आडोशाला उभा होतो. बंदूक तिच्या खांद्यावर अशी बसली की जणू तिथंच वाढली असावी. तिनं सहा फोडल्या. क्लोवीसनं टोपी काढली. तिनं माझ्या दिशेला पाहिलंही नाही. मला आनंद झाला आणि रडूही आलं, आणि दोन्ही गोष्टी ट्रॅक्टरनं झाकल्या.

मी नोव्हेंबरात जाणारच नव्हतो. मागे एकदा धमकी दिली होती की ती आली तर मी येणार नाही. आता तेच करावं, निदान तिची पहिली पहाट नासू नये. पण क्लोवीस गाडी घेऊन दाराशी आला, आणि ती आधीच आत बसली होती, त्या कोटात. "बसतोस की नाही?" क्लोवीस गुरगुरला. मी बसलो. दुनळी घरीच ठेवली.

लपणात ती मधल्या जागेवर बसली. धुकं होतं. खऱ्या बदकांना भुलवायला सोडलेली लाकडी बदकं पाण्यावर हलत होती आणि हळूहळू दिसू लागली, आधी डोकी, मग पाठी. थर्मास उघडून तिनं क्लोवीसला कॉफी दिली. मला नाही. बरोबरच होतं.

मग पूर्वेला उजाडलं. डोक्यावरून पंखांचा आवाज आला, बदकं पाय सोडून खाली उतरू लागली, अगदी टप्प्यात. "आता," क्लोवीस कुजबुजला. तिनं बंदूक उचललीच नाही. बदकं पाण्यावर टेकली, लाकडी बदकांत पोहत राहिली. क्लोवीसनंही नेम उतरवला.

"पिवळं आहे," ती खूप वेळानं म्हणाली. "आज पाणी पिवळं आहे." तिचे गाल ओले होते.

मग तिनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि मान न वळवता माझ्याकडे धरली.

"घे. आणि उद्या दुनळी आण. मी आता दरवर्षी इथंच बसणार आहे, तुझ्या शेजारी. सोस."

मी घेतली. कडू होती, माझ्यासाठी साखर घातली नव्हती.