भोंगामावशी गप्प झाली तेव्हा

घरातली भांडखोर बाई एकाएकी गप्प झाली, तर तुम्ही तिला डॉक्टरकडे न्याल की देवापुढे पेढे ठेवाल?

आमच्या गल्लीने पेढे ठेवले. म्हणून हे लिहिते आहे.

भोंगामावशी आमच्या शेजारची. हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिचं खरं नाव घरच्यांखेरीज कोणी घेत नसे. आवाजच असा, की पाळीचा भोंगा बंद पडला असता तरी कोणाचं अडलं नसतं. एकदा गेटवर तिने साहेबाला अडवलं. "साहेब, तुमच्या केबिनले दोन-दोन दरवाजे, अन् आमच्या संडासले कडी नाही. आमी आत गाणे म्हणत बसाचं का?" सगळी पाळी हसली. दुसऱ्या दिवशी कडी लागली.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, मावशी वाटायची ती कामगार चळवळीची पत्रकं होती. उरलेले गठ्ठे ती आमच्या पलंगाखाली ठेवायची, कारण तिची सासू त्यांवर कुरड्या वाळत घालायची. मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. पुढे स्वतः लिहू लागले, तेव्हा माझा पहिला मसुदा तिने परत केला. "पहिल्या ओळीत प्रश्न टाक वं. अन् शेवटी माणसाले काम सांग. नाही तं कागद भज्यायच्या तेलात जाते."

सासूशी तिचं रोज भांडण. मुख्य विषय भाजीतलं तेल. सासू म्हणायची, "हे बाई माहा जीव घेईन एक दिवस." आतून उत्तर यायचं, "तुमी कायच्या मरता! मलेच घाटावर पोचवून याल."

एका सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहताना तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "डोक्यावर कोनं नारळ फोडला का वं?" एवढंच बोलली, ओकली आणि कोसळली. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला होता. ऑपरेशन झालं. फुग्याच्या तोंडाशी चिमटा बसवला आणि मावशी घरी आली. पुढे काय जपायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण 'वाचली' या शब्दानंतर कोणाला काही ऐकूच आलं नाही.

काही आठवडे बरे गेले. मग भोंगा विझत गेला. पाय फरशीला चिकटल्यासारखे ती ओढत चालायची. विचारलेल्याचं उत्तर उशिरा यायचं, कधी यायचंच नाही. साडी ओली व्हायची. लोक म्हणाले, कमजोरी आहे. नवरा समाधानाने सांगायचा, "लय शांत झाली आता. देवानं बुद्धी देल्ली." शेजारणी म्हणाल्या, बाई सुधारली. आम्ही चळवळीतल्यांनी तिला थकलेली ठरवून टाकलं. साहेब मोसंब्या घेऊन भेटायला आला, सोबत राजीनाम्याचा कागद. जिने एका कडीसाठी त्याला गेटवर उभं केलं होतं, तिने न वाचता सही केली. "बाई आता समजदार झाल्या," म्हणत साहेब चहा पिऊन गेला.

संशय आला तो एकट्या सासूला. एक दिवस तिने सुनेच्या डोळ्यांदेखत भाजीत तेलाची लांब धार सोडली. सून नुसती बघत राहिली. म्हातारीने मुलाला अशी हाक मारली, की गल्ली बाहेर आली.

"हे माही सून नाही रे! मले काहीच म्हणून नाही राहिली. ने इले दवाखान्यात!"

"आई, ते शांत आहे तं तुले काय तरास आहे?"

"शांत मुडदा रायते!"

तपासणीत कळलं, मेंदूत पाणी साचलं होतं. हे पाणी प्रत्येकाच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज जिरतं. फुटलेल्या फुग्याच्या रक्ताने जिरायच्या वाटा बुजल्या होत्या, आणि साठलेलं पाणी मेंदूला दाबत होतं. आम्ही सगळे ज्याला शहाणपण म्हणत होतो, तो हा दाब होता. डॉक्टरांनी डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून नळी घातली, पाण्याला वाट दिली. थोड्याच दिवसांत ती पाय उचलून चालू लागली. सासूने डब्यातून आणलेली भाजी चाखून मावशी हळूच म्हणाली, "तेल लय झालं." म्हातारी वॉर्डात ढसाढसा रडली.

पण सगळी मावशी परत आली नाही. उशीर झाला होता. तो राजीनामा रद्द व्हावा म्हणून आम्ही अजून भांडतो आहोत. एकदा तिला गेटवर नेलं. ती उभी राहिली, "बायांनो" म्हणाली, आणि पुढचं वाक्य शोधत राहिली. सुटलेली पाळी जागेवर थांबली. बसवाल्यानेही हॉर्न दिला नाही. वाक्य आलं नाही.

तेव्हा तिच्या शिकवणीप्रमाणे शेवटी काम सांगते. तुमच्या ओळखीतलं कोणी मेंदूतल्या रक्तस्रावातून वाचून घरी आलं असेल, तर 'वाचली' म्हणून हात झटकू नका. चाल पाहा. विसरणं पाहा. कपडे ओले होत असतील तर लपवू नका. आणि ती नुसतीच गुणी झाली असेल, तर आजच तिच्या घरी जा आणि मुद्दाम एक भांडण काढा.

ती भांडली नाही, तर ऑटो बोलवा.