आखूड कापलेलं झबलं

शिंपीणकाकूंचं शिवणयंत्र गंजलं, पण कात्री कधी गंजली नाही. तयार कपड्यांच्या दुकानांनी गिऱ्हाईक ओढून नेलं, तशा काकू भाताच्या संशोधनाच्या काचघरात कामाला लागल्या. काम बोटांचंच. भाताच्या फुलाचं टोक छाटायचं, आतले केसर चिमट्यानं काढायचे आणि दुसऱ्या रोपाचा पराग त्यावर झटकायचा.

तिथल्या शास्त्रज्ञ बाई वयानं लहान, पण मोकळ्या. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "दाणा टपोरा कशानं होतो हो, बाई?"

"आधी टरफल घडतं, काकू. त्यातल्या पेशींना निरोप देणारी प्रथिनं असतात. एक म्हणतं, वाढा. दुसरं म्हणतं, आता पुरे. या रोपात 'पुरे' म्हणणाऱ्याचा आवाज बसलाय. म्हणून टरफल ऐसपैस, अन् दाणा टपोरा."

"म्हणजे झबलं बेतलं तेवढंच बाळ!"

बाई पोट धरून हसल्या.

त्या टपोऱ्या वाणाचं एकच रोप जगलं होतं, तेही मरतुकडं. काकूंनी श्वास रोखून त्याचा पराग एका काटक वाणाच्या फुलांवर झटकला आणि लोंब्यांना कागदी पिशव्या घातल्या. दाणे पिकेतो ते मरतुकडं रोप वाळूनही गेलं. पिशव्या उघडल्या, तर आत चिमुकले, वाकडे, अर्धे उघडे दाणे.

घरी काकूंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "आखूड कापायची खोडच तुझी. माझ्या सदऱ्याच्या बाह्या आठव."

"गप्प बसा. तुमचे हातच लांब!"

सकाळी काकू बाईंपुढे उभ्या राहिल्या. "वाण बुडवला मी."

बाईंनी दाणे तळहातावर घेतले. "अहो, टोक छाटलं की टरफल आखूडच राहणार. तुम्ही जरा जास्तच छाटलंत, एवढंच. झबलं आखूड झालं. बापाचा गुण आलाय का, ते पेरल्यावर कळेल."

पेरलं. काकू रोज वाफ्यापाशी घुटमळायच्या. लोंब्या आल्या. या लोंब्यांना कात्री लागली नव्हती. एके दुपारी बाईंनी एक दाणा सोलून काकूंच्या हातावर ठेवला. टपोरा, भरलेला, मोत्यासारखा. दोघी वाफ्यातच नाचल्या.

काकूंनी शिवणयंत्राला तेल घातलं आणि नवऱ्याला नवा सदरा शिवला.

"अगं, बोटंसुद्धा दिसेनात!"

"वाढतील," काकू म्हणाल्या.